बिल अडकलंय? आधी अडवणारा शोधा

आखाजीच्या दिवशी जळगावच्या सराफ बाजारात, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या भुईकाट्यावर आणि 31 मार्चला पतसंस्थेच्या काउंटरवर एकच तक्रार हमखास ऐकू येते : सॉफ्टवेअर हँग झालं. गिऱ्हाईक समोर उभं असतं, बिल 'सेव्ह' दाबल्यावर नुसतं चक्र फिरत राहतं, बाजूच्या काउंटरचंही तेच होतं. आतून मालक विचारतात, "काय व्हयनं भो?" आणि कुणीतरी जाऊन सर्व्हर रीस्टार्ट करतं. थोड्या वेळात सगळं सुरळीत होतं. पुढच्या गर्दीच्या दिवशी पुन्हा तेच.

अशा वेळी ज्याच्याकडे सगळे बघतात, त्याच्यासाठी हा लेख आहे. दुकानाचे संगणक सांभाळणारा मुलगा, पतसंस्थेत 'आयटी' बघणारा कर्मचारी, गोलाणी मार्केटमधून किंवा धुळ्यातून दहा-वीस दुकानांना सेवा देणारा सॉफ्टवेअरवाला. अशा अडकण्यामागे पुष्कळदा डेटाबेसमधलं ब्लॉकिंग असतं, म्हणजे एकाने धरलेल्या लॉकसाठी बाकीचे ताटकळत राहतात. ते ओळखायला महागडं साधन लागत नाही. दोन क्वेऱ्या लागतात आणि त्या चालवून होईपर्यंत रीस्टार्टचं बटण न दाबण्याइतका धीर लागतो.

रीस्टार्टला माझा विरोध आहे, कारण रीस्टार्टने पुरावा जातो. कोण कुणाला अडवत होतं ही माहिती फक्त मेमरीत असते. सर्व्हर बंद झाला की ती गेली. शिवाय अर्धवट राहिलेलं मोठं काम असेल, तर सर्व्हर परत सुरू झाल्यावर ते मागे फिरवावं लागतं आणि तेवढा वेळ डेटाबेस 'इन रिकव्हरी' दाखवत बसतो. एसक्यूएल सर्व्हरच्या 2012 पासूनच्या आवृत्त्यांत आणखी एक गोष्ट होते. 'आयडेंटिटी' कॉलमचे आकडे आधीच राखून ठेवलेले असतात. सर्व्हर नीट बंद न होता अचानक गेला, तर पुढचा आकडा एकदम हजाराने उडी घेऊ शकतो. बिलाचा नंबर त्या कॉलमवर अवलंबून असेल, तर सीए विचारणारच की मधली बिलं कुठे गेली.

लॉक असतातच, आणि असायलाच हवेत

लॉक म्हणजे दोष नव्हे. 1 एप्रिल 2023 पासून सोन्याचा दागिना विकताना सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो, म्हणजे प्रत्येक दागिन्याला स्वतःची ओळख आली. तोच हार दोन काउंटरवर दोघांनी एकाच वेळी बिलात घेतला, तर एकालाच तो मिळाला पाहिजे. पहिल्याने त्या हाराच्या ओळीवर लॉक घेतला की त्याचं ट्रान्झॅक्शन पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं. हे थांबणं सेकंदाच्या छोट्या भागापुरतं असतं, कुणाला जाणवतही नाही. 1970च्या दशकाच्या मध्यात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार पक्का केला : लॉक पूर्ण टेबलावर घ्यायचा की एका ओळीवर, आणि किती वेळ धरायचा. ग्रे यांना 1998 चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. आयआयटी मुंबईचे प्रा. एस. सुदर्शन सहलेखक असलेल्या 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' या पाठ्यपुस्तकात हा सगळा भाग आहे. कॉलेजात तो परीक्षेपुरता वाचला असेल, तर आता पुन्हा उघडा. दुकानात उभं राहून वाचलेलं जास्त समजतं.

अडचण लॉकमुळे होत नाही, लॉक जास्त वेळ धरून ठेवल्यामुळे होते. म्हणून तपासाचा प्रश्न एकच : लॉक कुणी धरला आहे आणि तो सोडत का नाही?

आधी खात्री करा की हे ब्लॉकिंगच आहे

सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर नव्वद टक्क्यांवर असेल किंवा डिस्क सारखी शंभर टक्के दिसत असेल, तर आधी तिकडे बघा : जड रिपोर्ट, अँटिव्हायरस, चालू बॅकअप, कमी पडलेली मेमरी. पण प्रोसेसर शांत, डिस्क शांत आणि माणसं मात्र ताटकळलेली असतील, तर ब्लॉकिंगचा संशय घ्या. दुसरी खूण म्हणजे सगळंच अडकत नाही. जुनं बिल बघता येतं, पण नवं होत नाही. किंवा एका खात्याची पावती होते आणि दुसऱ्याची लटकते. नेटवर्क गेलं असतं तर सगळंच बंद पडलं असतं.

डेडलॉक ही वेगळी गोष्ट आहे, तिची इथे गल्लत करू नका. डेडलॉकमध्ये दोघे एकमेकांसाठी अडलेले असतात आणि ते आपणहून कधीच सुटणार नसतात. एसक्यूएल सर्व्हर ते काही सेकंदांत ओळखतो, त्यातल्या एकाचं काम मागे फिरवतो आणि त्याला 1205 नंबरची एरर देतो. म्हणजे डेडलॉकमध्ये स्क्रीन अडकून राहत नाही, एरर येते. पाच-दहा मिनिटं नुसतं चक्र फिरतंय, तर ते साधं ब्लॉकिंग आहे. आणि एसक्यूएल सर्व्हर त्यात आपणहून काही करत नाही, कारण लॉकसाठी थांबायची त्याची मूळ मुदत अमर्याद असते.

साखळी वाचायची कशी

आपल्याकडच्या दुकानी सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएल सर्व्हर खूप दिसतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू. मॅनेजमेंट स्टुडिओ उघडून 'एसपी_हू2' चालवलं की 'बीएलके-बाय' नावाचा कॉलम दिसतो. त्या सेशनला कुणी अडवलंय त्याचा नंबर तिथे असतो. घाईच्या वेळी एवढंही पुरतं. नीट बघायचं तर 'सिस.डीएम_एक्झेक_रिक्वेस्ट्स' या व्ह्यूमधून सेशन_आयडी, ब्लॉकिंग_सेशन_आयडी, वेट_टाइप, वेट_टाइम आणि वेट_रिसोर्स हे पाच कॉलम काढा. अट एकच घाला : ब्लॉकिंग_सेशन_आयडी शून्य नको.

समजा, गर्दीच्या सकाळी असं दिसलं. सेशन 73, चौथा काउंटर, 61 साठी थांबलाय. सेशन 66, हिशेब विभाग, तोही 61 साठी थांबलाय. सेशन 61, दुसरा काउंटर, 58 साठी थांबलाय. सगळ्यांचा वेट_टाइप 'एलसीके_एम' ने सुरू होतो, म्हणजे सगळे लॉकसाठीच थांबलेत. घाईत माणूस 61 ला पकडतो, कारण त्याच्यामागे दोघे उभे आहेत. पण 61 स्वतःच अडकलाय. त्याला मारलं, तर 73 पुढे सरकून 58 वर अडकेल आणि दुसऱ्या काउंटरचं बिल फुकट जाईल. साखळीच्या तोंडाशी 58 आहे.

आता वरची अट काढून यादीत 58 शोधा. तो तिथे नाही! रिक्वेस्ट्सचा व्ह्यू फक्त चालू कामं दाखवतो आणि 58 या घडीला कुठलंच काम करत नाही. नवखा माणूस इथेच गोंधळतो आणि "काहीच दिसत नाही" म्हणून रीस्टार्टकडे वळतो. 58 ला बघायचं तर 'सिस.डीएम_एक्झेक_सेशन्स' हा दुसरा व्ह्यू लागतो. तिथे तो सापडतो : स्थिती 'स्लीपिंग', ओपन_ट्रान्झॅक्शन_काउंट 1, शेवटची विनंती संपली 11 वाजून 42 मिनिटांनी. आत्ता 11:51 झालेत. म्हणजे नऊ मिनिटं तो काहीच करत नाहीये आणि तरी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून लॉक धरून बसलाय. भुईकाट्यावर ट्रॅक्टर चढवून चालक चहाला गेला, तर मागची रांग कितीही हॉर्न वाजवो, काटा मोकळा होत नाही, तसंच हे.

त्याच ओळीत होस्ट_नेम आणि प्रोग्राम_नेम असतं. होस्टच्या नावावरून कळतं की हा वरच्या मजल्यावरचा टॅगिंगचा संगणक आहे. म्हणूनच प्रत्येक संगणकाला ओळखू येईल असं नाव आधीच देऊन ठेवा. 'डेस्कटॉप' आणि पुढे सात-आठ अक्षरं असल्या नावाने ऐन वेळी काहीच बोध होत नाही. मग 'डीबीसीसी इनपुटबफर' ला 58 हा नंबर दिला की त्याने पाठवलेला शेवटचा हुकूम दिसतो. पण हा हुकूम शेवटचा असतो, गुन्हेगार असेलच असं नाही. लॉक त्याच ट्रान्झॅक्शनमधल्या आधीच्या एखाद्या अपडेटने घेतलेला असू शकतो आणि शेवटचा हुकूम साधा सिलेक्ट असू शकतो. त्यावरून निकाल देऊ नका, ट्रान्झॅक्शन कुठून सुरू झालं ते प्रोग्रामच्या कोडमध्ये शोधा.

वेट_रिसोर्सकडेही नजर टाका. तिथे 'की' असेल, तर भांडण एखाद्या ओळीपुरतं आहे. 'ऑब्जेक्ट' असेल, तर लॉक पूर्ण टेबलावर गेलाय आणि कारण निराळं आहे. वेट_टाइपच्या शेवटी 'एससीएच_एम' दिसलं, तर भर दिवसा कुणीतरी टेबलाची रचना बदलायला घेतलीय. त्याला फोन करा आणि थांबवा.

हे सगळं दिसलं की आधी स्क्रीनचा फोटो काढा किंवा निकाल फाइलमध्ये सेव्ह करा. मग टॅगिंगच्या संगणकावर चालत जा आणि तिथे स्क्रीनवर काय आहे ते बघा. अर्धं उत्तर तिथे मिळतं.

झोपलेला माणूस लॉक का धरतो

एक कारण तिथल्या स्क्रीनवरच दिसतं : "बिल प्रिंट करायचं का? होय / नाही." प्रोग्रामने ट्रान्झॅक्शन सुरू केलं, स्टॉक कमी केला आणि कमिट करण्याआधी माणसाला प्रश्न विचारला. माणूस फोनवर बोलतोय. अशा प्रोग्रामला दुसरा उपाय नाही. ट्रान्झॅक्शन चालू असताना माणसाला एकही प्रश्न विचारायचा नाही. जे विचारायचं ते आधी विचारा, मग ट्रान्झॅक्शन उघडा, लिहा, बंद करा, आणि प्रिंट त्यानंतर.

दुसरं कारण 2018 नंतर वाढलं. ई-वे बिल आलं, पुढे ई-इनव्हॉइस आलं, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून तर पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांनाही ते लागू झालं. जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळमिलला किंवा पाइप बनवणाऱ्या कारखान्याला व्यापाऱ्याच्या नावाचं बिल करताना पोर्टलवरून आयआरएन आणि क्यूआर कोड घ्यावा लागतो. काही प्रोग्राम बिल सेव्ह करतानाच, ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून, पोर्टलला विचारतात. नेट मंद, पोर्टल मंद, आणि तेवढा वेळ स्टॉकच्या आणि पार्टीच्या खात्याच्या ओळी अडकलेल्या. महिन्याच्या शेवटच्या दिवशी हे हटकून होतं. योग्य पद्धत अशी : बिल 'आयआरएन बाकी' अशा खुणेने सेव्ह करून कमिट करा, मग पोर्टलला विचारा, उत्तर आलं की दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये ते लिहा. भुईकाट्याकडून वजन घेताना, एसएमएस पाठवताना, यूपीआयची खात्री करतानाही हेच. बाहेरच्या कुणाचीही वाट लॉक धरून बघायची नाही.

तिसरं कारण सर्वांत छुपं आहे आणि ते नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांचं त्याकडे लक्ष असतं. डॉट-नेटच्या प्रोग्राममध्ये एका हुकमाची मूळ मुदत 30 सेकंद असते. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर प्रोग्राम 'टाइमआउट' म्हणून तो हुकूम रद्द करतो. आता समजा, स्टोअर्ड प्रोसीजरच्या आत 'बिगिन ट्रॅन' आहे, पहिलं अपडेट झालं, दुसरं अपडेट 30 सेकंदांत झालं नाही. प्रोग्रामने हुकूम रद्द केला. सगळ्यांना वाटतं, काम मागे फिरलं असेल. तसं होत नाही! चालू हुकूम थांबतो, पण आधी उघडलेलं ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं आणि पहिल्या अपडेटचे लॉकही. टाइमआउट झाला की प्रोसीजरमधला 'कॅच' भागही चालत नाही, त्यामुळे तिथे रोलबॅक लिहिलेला असला तरी तो कामाला येत नाही. कर्मचारी "एरर आली" म्हणून 'ओके' दाबून पुन्हा प्रयत्न करतो. कनेक्शन पूलमध्ये परत गेलेलं असतं आणि ते पुन्हा कुणी वापरायला घेईपर्यंत ते ट्रान्झॅक्शन तसंच पडून राहतं. वर जो 58 बघितला, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं. म्हणजे एका ब्लॉकिंगने टाइमआउट झाला आणि त्या टाइमआउटने दुसरं ब्लॉकिंग जन्माला घातलं.

याचा उपाय एका ओळीचा आहे. ट्रान्झॅक्शन उघडणाऱ्या प्रत्येक प्रोसीजरच्या सुरुवातीला 'सेट एक्सअ‍ॅक्ट_अबॉर्ट ऑन' लिहा. मग टाइमआउट झाला की पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे फिरतं. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारा की ही ओळ सगळीकडे आहे का. या एका प्रश्नाने बऱ्याच दुकानांचा त्रास कमी होईल, असं माझं ठाम मत आहे.

आणि शेवटी, माणसांमुळे होणारं ब्लॉकिंग : कुणीतरी एनीडेस्कवरून आत शिरून 'बिगिन ट्रॅन' करून आकडा दुरुस्त केला, कमिट करायचं राहिलं आणि खिडकी तशीच ठेवून तो जेवायला गेला. प्रोग्राम_नेममध्ये मॅनेजमेंट स्टुडिओचं नाव दिसलं की हेच समजा.

जेव्हा तोंडाशी असलेला खरंच काम करत असतो

कधी साखळीच्या तोंडाचा सेशन झोपलेला नसतो, धावत असतो. मग तो इतका वेळ का धावतोय हा प्रश्न.

पतसंस्थेत सहामाही व्याज जमा करायचं काम घ्या. बारा हजार खात्यांवर एकाच अपडेटने व्याज टाकलं. एका हुकमात एका टेबलावर साधारण पाच हजार लॉक झाले की एसक्यूएल सर्व्हर ओळींचे लॉक सोडून पूर्ण टेबलावर एकच लॉक घ्यायचा प्रयत्न करतो. तो मिळाला की काउंटरवरचा प्रत्येक खातेदार थांबला. हे काम हजार-हजार खात्यांच्या तुकड्यांत करा आणि कुठल्या खात्याचं व्याज जमा झालं याची नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी पुढून सुरू करता येईल आणि कुणाला दोनदा व्याज जाणार नाही. आणि हे काउंटर बंद झाल्यावर करा.

दुसरं, इंडेक्स. एका टॅग नंबरचा एकच दागिना अपडेट करायचाय, पण टॅग नंबरवर इंडेक्स नाही. मग सर्व्हर पूर्ण टेबल चाळतो आणि वाटेत दुसऱ्या कुणी लॉक केलेल्या प्रत्येक ओळीपाशी थांबतो. यातला एक प्रकार मराठी डेटात विशेष होतो. गिऱ्हाइकाचं नाव देवनागरीत ठेवायचं म्हणून 'एनव्हारकॅर' वापरतात, ते बरोबरच. पण मग प्रोग्राम सगळीच मूल्यं एनव्हारकॅर म्हणून पाठवतो, आणि टॅग नंबरचा कॉलम मात्र जुना 'व्हारकॅर' असतो. जुन्या 'एसक्यूएल' गटातलं कोलेशन असेल, तर या फरकामुळे इंडेक्स असूनही सर्व्हर टेबल चाळत बसतो. क्वेरीचा प्लॅन उघडा; त्यात 'कन्व्हर्ट_इम्प्लिसिट' दिसलं की कारण सापडलं. प्रोग्राममध्ये पॅरामीटरचा प्रकार कॉलमसारखाच करा.

बिलाच्या नंबरची एकच ओळ

सगळे काउंटर एकाच ओळीवर आदळतात अशी एक जागा जवळजवळ प्रत्येक दुकानी सॉफ्टवेअरमध्ये असते : 'पुढचा बिल नंबर' ठेवणारं टेबल. सलग नंबर हवा म्हणून सीक्वेन्स किंवा आयडेंटिटी न वापरता हे टेबल ठेवतात. हेतू रास्त आहे, कारण जीएसटीच्या नियम 46 नुसार बिलाचा क्रमांक सलग हवा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको. पण प्रोग्राम ट्रान्झॅक्शनच्या अगदी सुरुवातीला हा नंबर घेतो, मग वीस ओळींचं बिल, स्टॉक, खतावणी सगळं लिहितो. तेवढा वेळ ती ओळ लॉक. चार काउंटर असले तरी बिलं एकापाठोपाठ एकच होतात, दुकान एकाच काउंटरचं झालं!

उपाय दोन. नंबर ट्रान्झॅक्शनच्या अखेरीस घ्या, कमिटच्या अगदी आधी; मग लॉक क्षणभरच राहतो. आणि जो नियम सलग क्रमांक मागतो, त्यातच 'एका किंवा अनेक मालिकांत' अशी मुभा आहे. म्हणजे प्रत्येक काउंटरला स्वतःची मालिका देता येते आणि प्रत्येकाची ओळ वेगळी होते. आपल्या सीएला विचारून हे 1 एप्रिलपासून सुरू करा. मध्येच मालिका बदलली, की विवरणपत्र भरताना उगाच खुलासे करावे लागतात.

'नोलॉक'ची सवय सोडा

ब्लॉकिंग दिसलं की प्रत्येक सिलेक्टला 'नोलॉक' चिकटवायची पद्धत आपल्याकडे फार पसरली आहे. ती चुकीची आहे आणि पैशाच्या हिशेबात तर धोक्याची आहे. नोलॉक म्हणजे कमिट न झालेला, उद्या मागे फिरेल असा आकडाही वाचायची परवानगी. त्याहून वाईट म्हणजे टेबलात हालचाल चालू असताना एखादी ओळ दोनदा वाचली जाते किंवा अजिबात वाचली जात नाही. संध्याकाळी रोकड जुळत नाही आणि दुसऱ्यांदा रिपोर्ट काढला की जुळते, असं होत असेल तर कोडमध्ये नोलॉक शोधा.

रिपोर्टमुळे बिलं अडत असतील, तर 'रीड_कमिटेड_स्नॅपशॉट' हे सेटिंग चालू करा. मग वाचणारा ओळीची आधीची कमिट झालेली प्रत वाचतो आणि लिहिणाऱ्याला अडवत नाही. फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीतही हे आहे. चालू करताना त्या डेटाबेसवर दुसरं कुणी जोडलेलं नको, म्हणून रात्री करा, आणि जुन्या प्रती टेम्प-डीबीत राहतात म्हणून तिथे जागा ठेवा. एक दक्षता मात्र घ्यायलाच हवी. शिल्लक आधी वाचून, मग पैसे द्यायचे की नाही ठरवणारा कोड असेल, तर दोन काउंटर एकाच वेळी जुनी शिल्लक वाचू शकतात. तिथे 'शिल्लक रकमेइतकी किंवा जास्त असेल तरच' ही अट अपडेटमध्येच घाला, किंवा वाचतानाच 'अपडीलॉक' घ्या. हे न तपासता सेटिंग चालू करू नका.

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल वापरणाऱ्यांसाठी

पोस्टग्रेसमध्ये 'पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी' बघा आणि प्रत्येक पीआयडीसाठी 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स' विचारा. अडवणाऱ्यांची यादी मिळते. आपला झोपलेला 58 इथे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' या नावाने दिसतो. त्यासाठी 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' हे सेटिंग आहे. ठरलेल्या वेळेनंतर असं सेशन ते आपणहून तोडतं. पोस्टग्रेसमध्ये वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत नाहीत, पण 'ऑल्टर टेबल' भल्याभल्यांना फसवतं. एखादा लांबलचक रिपोर्ट चालू असताना ऑल्टर दिलं, तर ते रांगेत उभं राहतं आणि त्याच्या मागून येणारे साधे सिलेक्टसुद्धा अडकतात. म्हणून ऑल्टरच्या आधी 'लॉक_टाइमआउट' दोन-तीन सेकंद ठेवा. काम झालं नाही तर पुन्हा द्या.

मायएसक्यूएलमध्ये 'सिस.इनोडीबी_लॉक_वेट्स' हा व्ह्यू साखळी दाखवतो. लॉकची मुदत मुळात 50 सेकंद असते, त्यानंतर 1205 एरर येते. लक्षात ठेवा, हाच नंबर एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेडलॉकचा आहे. मायएसक्यूएलचा डेडलॉक 1213. आणि 50 सेकंदांच्या या एररनंतर फक्त तो एक हुकूम मागे फिरतो, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. म्हणजे टाइमआउटचा तोच सापळा इथेही आहे, आणि रोलबॅक प्रोग्रामनेच करायचा असतो.

डेडलॉकबद्दल थोडक्यात. सगळ्या प्रोग्राममध्ये टेबलांना हात लावायचा क्रम एकच ठेवा : आधी स्टॉक, मग पार्टीचं खातं, मग नंबर. विक्री एका क्रमाने आणि माल परत घेणं उलट्या क्रमाने लिहिलं, की गर्दीत डेडलॉक होणारच. एसक्यूएल सर्व्हरच्या 'सिस्टिम_हेल्थ' सेशनमध्ये अलीकडच्या डेडलॉकची नोंद आपोआप असते, ती उघडून वाचा.

'किल' करायचं तर

कधी इलाज नसतो, 58 ला 'किल' करावं लागतं. आधी त्या संगणकावरच्या माणसाला विचारा की काय चाललंय. किल म्हणजे त्याचं उघडं ट्रान्झॅक्शन मागे फिरणार. छोटं असेल तर लगेच होतं, पण अर्धा तास चाललेलं मोठं अपडेट मागे फिरायला तितकाच किंवा जास्त वेळ लागू शकतो. 'किल 58 विथ स्टेटसओन्ली' दिल्यावर किती बाकी आहे ते दिसतं. त्या वेळी अधीर होऊन सर्व्हर बंद केला, तर तेच काम सुरू होताना पुन्हा करावं लागतं. आणि किल केलेल्या बिलाची खात्री करून घ्या. गिऱ्हाइकाच्या हातात छापील कागद असेल आणि डेटाबेसमध्ये बिल नसेल, तर दिवसाच्या शेवटी हिशेब जुळणार नाही.

आता एक काम गर्दीच्या आधी करून ठेवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'ब्लॉक्ड प्रोसेस थ्रेशोल्ड' 10 सेकंद ठेवा आणि तो रिपोर्ट फाइलमध्ये लिहिणारं एक एक्स्टेंडेड इव्हेंट सेशन बनवा. पोस्टग्रेसमध्ये 'लॉग_लॉक_वेट्स' आणि मायएसक्यूएलमध्ये 'इनोडीबी_प्रिंट_ऑल_डेडलॉक्स' चालू करा. तुम्ही जागेवर नसतानाही कुणी कुणाला अडवलं याची नोंद राहील; मायएसक्यूएलमध्ये मात्र फक्त डेडलॉकची. वरच्या दोन क्वेऱ्या एका फाइलमध्ये लिहून सर्व्हरच्या डेस्कटॉपवर ठेवा आणि काउंटरवरच्या आणखी एकाला त्या चालवायला शिकवा. पुढच्या वेळी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करताना "हँग झालं" एवढंच सांगू नका. अडवणाऱ्या सेशनचा नंबर, होस्टचं नाव, वेळ आणि वेट_रिसोर्स सांगा. तेवढी माहिती हाती असेल, तर त्याला दुरुस्ती प्रोग्राममध्येच करावी लागेल.